तुमची आवडती पुस्तके कोणती आणि ती तुम्हाला का आवडली?

आपण प्रश्नाखाली आणखी एक ओळ घातली आहे, की ‘परीक्षेत लिहितात तसे उत्तर नको, वाचताना खरोखर काय वाटले ते लिहा’. त्या ओळीमुळेच उत्तर द्यावेसे वाटले. मी साताऱ्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. माझे वाचन फार मोठे नाही, आणि त्यातले बहुतेक येथील नगर वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांचे आहे. आवडीची म्हणून जी तीन पुस्तके मी सांगणार आहे, त्यांचे लेखक सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत जन्मलेले किंवा राहिलेले आहेत. निवड करताना मी तसे ठरवले नव्हते.

माझी आवडनिवड एका गोष्टीवर ठरते. पात्र किती सोशिक आहे, किती थोर आहे, त्याच्याकडे पाहून मी हळहळावे की अभिमान बाळगावा, हे लेखक मला सांगू लागला की माझे लक्ष उडते. ऐतिहासिक कादंबऱ्या आमच्याकडे वाढदिवसाला हमखास भेट मिळतात. त्यांपैकी दोन-तीन मी याच कारणाने अर्ध्यावर सोडल्या आहेत, आणि साताऱ्यात राहून हे बोलणे किती धाडसाचे आहे याची मला कल्पना आहे.

‘बनगरवाडी’ या कसोटीला सर्वांत चांगली उतरते. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. माडगूळकर सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, आणि तो मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता. एक अगदी तरुण मास्तर धनगरांच्या लहानशा वाडीवर शाळा चालवायला जातो आणि हळूहळू लोक त्याच्याकडे पत्र लिहून घेण्यापासून भांडण मिटवण्यापर्यंत सगळी कामे घेऊन येऊ लागतात, इतकेच तिचे कथानक सांगता येईल. पहिल्या वाचनात मला सर्वांत जास्त लागून राहिला तो कारभारी. मास्तराला गावात उभे करणारा तोच, त्याच्या शब्दावर मुले शाळेत येऊ लागतात, आणि आपल्या मुलीच्या, अंजीच्या बाबतीत मनात संशय शिरल्यावर मास्तराशी बोलणे टाकणाराही तोच. त्या पानांवर मी अक्षरशः चिडलो होतो. मास्तराची बाजू मला ठाऊक होती, कारभाऱ्याला ती नव्हती, आणि माडगूळकर मात्र कोणाचीही वकिली करायला तयार नव्हते. पुढे पुन्हा वाचले तेव्हा माझा राग कारभाऱ्यावरून उतरला होता, कारण परक्या गावच्या, अविवाहित, शिकलेल्या मुलाबद्दल त्या वयाच्या बापाला काय वाटेल हे मला एव्हाना थोडेफार कळू लागले होते. पुस्तकातले एक अक्षरही बदलले नव्हते आणि माझे मत बदलले, याचे मला त्या वेळी फार आश्चर्य वाटले.

या कादंबरीत तालीम बांधण्याचा भाग आहे. गावकरी अंगमेहनतीने ती उभी करतात आणि तिच्या उद्घाटनाला औंधचे राजे येतात. औंधचे संग्रहालय पाहायला आमच्या शाळेची सहल गेली होती. तेथे पाहिलेली चित्रे आणि मूर्ती मला आता नीटशा आठवत नाहीत, परंतु वाडीवर आलेल्या त्या राजांचे प्रकरण वाचल्यापासून संस्थान ही इतिहासाच्या पुस्तकातील गोष्ट राहिली नाही. यानंतर पाऊस दडी मारतो, मेंढरे मरू लागतात आणि माणसे जगायला गाव सोडून जातात. माझ्या मामाचे गाव आटपाडीकडे आहे. तिथे आता टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आले आहे, डाळिंबाच्या बागा आहेत, आणि मी सुट्टीत जो भाग पाहतो तो हिरवा आहे. त्यामुळे ‘बनगरवाडी’तला दुष्काळ मला पाहून माहीत नाही; तो मला पुस्तकाने दाखवला. मामांच्या वडिलांना मी तो भाग वाचून दाखवला, तेव्हा ते १९७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामाबद्दल कितीतरी वेळ बोलत राहिले. त्याआधी त्यांनी तो विषय माझ्यासमोर कधी काढला नव्हता.

दुसरे पुस्तक ‘वनवास’. प्रकाश नारायण संत कराडमध्ये भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६० च्या दशकात त्यांच्या कथा ‘सत्यकथा’ मासिकात आल्या, त्यानंतर बराच काळ त्यांनी लिहिले नाही, आणि १९९४ साली ‘वनवास’ हा संग्रह निघाला. यातला लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांजवळ राहून शिकतो. मीही लहानपणी काही वर्षे आजोळी राहिलो आहे, म्हणून हे पुस्तक मला जवळचे वाटले असेल असे कोणी म्हणेल. परंतु तेवढेच कारण असते तर आजोळच्या आठवणींची इतर पुस्तकेही मला आवडली असती, आणि ती आवडत नाहीत. त्या आठवणींमध्ये मोठे झालेले माणूस मागे वळून पाहत असते आणि सगळे गोड करून टाकते. लंपन मागे वळून पाहत नाही. त्याला जे आत्ता दिसते, ऐकू येते, त्रास देते, तेच तो सांगतो, आणि शेजारच्या सुमीविषयी आपल्याला काय वाटते हे त्याला स्वतःलाच उलगडत नसल्यामुळे तो ते आपल्यालाही उलगडून सांगत नाही. त्या भागांत मला वाचताना संकोच वाटत असे, जणू माझीच वही कोणी उघडली आहे. लंपनच्या कथांचे एकूण चार संग्रह आहेत; आपल्याला ते घ्यायचे असतील तर ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि मग ‘झुंबर’ याच क्रमाने वाचावेत. ‘झुंबर’ आधी वाचल्यास त्याची धार बोथट होते.

तिसरे पुस्तक माझ्या वरील कसोटीच्या थेट विरुद्ध आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. येथे लेखक मुळीच अलिप्त नाही. फकिराचा बाप राणोजी गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी जोगणी आणताना प्राण गमावतो तेथपासून अण्णाभाऊंची बाजू उघड आहे. भले कोण आणि बुरे कोण याविषयी वाचकाला शंका राहत नाही, आणि फकिराचे वर्णन करताना त्यांचा आवाज चढतो. एरवी मी येथेच पुस्तक ठेवले असते. परंतु जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या समाजाची रोजची हजेरी, दुष्काळात उपाशी बसलेली वस्ती आणि धान्य लुटण्याचा निर्णय या सगळ्यांत, ज्या माणसांविषयी आजवर पोलीस आणि सरकारच बोलत आले त्यांच्याविषयी त्यांच्यातलाच एक जण बोलतो आहे, हे मला सतत जाणवत होते. अशा माणसाने शांतपणे, दोन्ही बाजू तोलून लिहावे अशी अपेक्षा मी करणे मला उद्धटपणाचे वाटले. पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेले आहे, त्यावरूनही ते कोणत्या हेतूने लिहिले आहे ते कळते.

तरीही ‘फकिरा’तील एका गोष्टीशी माझे अजून जुळलेले नाही. आपल्या माणसांना ओलीस धरल्यावर फकिरा स्वतः हजर होतो, तो शेवट मला वीरश्रीपेक्षा अन्यायाचाच वाटतो, आणि त्या ठिकाणी लेखकाचा चढलेला आवाज मला नकोसा होतो. वाटेगावकडच्या माझ्या एका मित्राला हे मान्य नाही. त्याच्या मते तो आवाज काढून टाकला तर कादंबरीत फक्त पराभव उरेल. आमचा हा वाद अनेकदा झाला आहे आणि दोघांपैकी कोणीही मागे हटलेले नाही. आपण ती वाचली असल्यास आपले मत जरूर लिहावे.