मंचाकडे पाठ करून

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की संगीत महोत्सवांत स्टुअर्ड म्हणून उभं राहायला लागून मला सोळा वर्षं झाली. त्या एका वाक्यावर जितकी पत्रं आली, तितकी सासू-सुनेच्या भांडणांवरसुद्धा कधी आली नव्हती. म्हणून या वेळचं पान त्याच विषयाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : चकाकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालून गेटवर, वाटांवर, तंबूंच्या रांगांत जी माणसं उभी असतात ती स्टुअर्ड. रस्ता दाखवायचा, मनगटावरचा पट्टा तपासायचा, गर्दीवर नजर ठेवायची. बाउन्सर वेगळे. स्टुअर्डांत बरेचसे बिनपगारी असतात.

ताई, मी २१ वर्षांची आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आवडते गायक समोर ऐकायची फार इच्छा आहे, पण महोत्सवाचं तिकीट मला झेपत नाही. स्वयंसेवक झालं की फुकट आत जाता येतं, असं मैत्रीण म्हणते. आई म्हणते, फुकट काही नसतं. कोणाचं खरं? आणि गाणं नीट ऐकायला मिळतं का?

आई जिंकली. तिकिटाचे पैसे घेत नाहीत, त्याऐवजी तुझे तास घेतात. ब्रिटनमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाला ऑक्सफॅम ही संस्था १९९३ पासून स्टुअर्ड पुरवते. त्यांची रीत अशी : साधारण आठ-आठ तासांच्या तीन शिफ्ट, त्यांतली एखादी रात्रीची. आधी अनामत भरायची, सगळ्या शिफ्ट केल्या की ती परत. आयोजक या मनुष्यबळाचे पैसे संस्थेला देतात आणि ते तिच्या मदतकार्याला जातात. डेन्मार्कमधला रोस्किल्ड महोत्सव तर सुमारे ३० हजार स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभा असतो. तेव्हा तू काही कोणाकडे उपकार मागायला चाललेली नाहीस, हा व्यवहार आहे आणि त्याचा कागदही तसाच वाचायचा. शिफ्ट किती, बदलून घेता येतात का, अनामत कोणत्या अटीवर परत मिळणार, जेवणाची आणि झोपण्याची सोय कोणाची. ‘नोंदणी फी, परत मिळणार नाही’ असं कुठे दिसलं तर सही न करता कागद परत दे.

आता गाण्याचं. माझी पहिली शिफ्ट ऐक. ज्या गायकाच्या कॅसेट मी रीळ ताणून लांबेपर्यंत ऐकल्या होत्या, तो त्या रात्री मोठ्या स्टेजवर होता आणि मी पाण्याच्या टाक्यांपाशी. मध्ये स्वच्छतागृहांची पत्र्याची रांग. मला ऐकू आला तो फक्त बास ड्रम, तोही त्या पत्र्यांना थरथरवत. कोणतं गाणं चाललंय ते ताडायला मला तीन मिनिटं लागली, तोवर ते संपलं. शिफ्ट संपली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि मला एकच प्रश्न पन्नास वेळा विचारला गेला होता : टॉयलेट कुठे? ते माझ्या पाठीमागेच होतं.

पुढे अनुभव जमला तशी मला स्टेजसमोरच्या बॅरिकेडवर जागा मिळाली. तू म्हणशील, मग काय, मजाच! तर तिथे उभं राहायचं ते स्टेजकडे पाठ करून. गायक माझ्या मागे चार-पाच मीटरवर, आणि मी दीड तासात एकदाही वळले नाही. वळायचंच नसतं. काम समोर असतं.

समोर काय बघायचं ते मला एका जुन्या स्टुअर्डबाईंनी शिकवलं. त्या म्हणाल्या, हजार चेहरे स्टेजकडे बघत असतील, तू जो बघत नाहीये तो शोध. खरंच तसंच असतं. ज्याला श्वास घ्यायला त्रास होतोय तो वर बघतो नाहीतर बाजूला, वाट शोधत. हात छातीशी घेतो, कोपरं बाहेर काढून जागा करायला बघतो. ओठ गाण्याबरोबर हलायचे थांबतात. आणि गर्दी स्वतःहून नाचतेय की ढकलली जातेय, हेही नजरेला कळायला लागतं. नाचणारी डोकी आपापल्या तालात वरखाली होतात, ढकलली जाणारी सगळी मिळून एका बाजूला कलतात, लाट येते तशी. तसं दिसलं की लगेच वॉकीटॉकी.

ही उगीच घातलेली भीती नव्हे. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं उभी असली तर गर्दी दाट खरी, पण माणूस आपल्या पायांनी हलू शकतो. पाचाच्या वर गेलं की धोका सुरू, आणि सहा-सातांवर गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते, कोणाचे पाय कोणाच्या ताब्यात राहत नाहीत. अशा गर्दीत माणसं बहुतेक वेळा पायांखाली तुडवली जाऊन नव्हे, तर छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने जातात, कधी उभ्या उभ्याच. रोस्किल्डलाच ३० जून २००० च्या रात्री, पर्ल जॅम या रॉक बँडचं गाणं चालू असताना, स्टेजसमोरच्या चिखलात माणसं पडली आणि नऊ जण गेले. त्यानंतर तिथे पुढच्या भागाचे कप्पे केले, प्रत्येक कप्प्यात मोजकीच माणसं. २०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ह्यूस्टनला, ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात, गर्दीत असेच दहा जण गेले.

तेव्हा ऐकायला अर्धंमुर्धं मिळेल. शिफ्ट नसेल तेव्हाचं पूर्ण तुझं, फक्त तेव्हा तू झोपलेली असशील. तरीही जा. माझ्या त्या गायकाचं एक हळू गाणं मी पुढच्या रांगेतल्या सत्तरीच्या आजोबांच्या तोंडावर ऐकलं. त्यांना एकेक शब्द पाठ होता, आणि एका ओळीला ते दर वेळी चुकत होते. ती ओळ मला आता त्यांच्या चुकीसकटच आठवते.

मी निवृत्त पी. टी. शिक्षक, वय ६१. गुडघे ठणठणीत आहेत. आवाज असा की मैदानाच्या पलीकडची पोरं सरळ व्हायची. गर्दी आवरायला माझ्यासारख्या माणसाचा उपयोग होईल ना?

सर, तुमचा उपयोग होईल. तुमच्या आवाजाचा कितपत होईल, शंका आहे.

वयाची अडचण मुळीच नाही. माझ्या गटात सर्वांत भरवशाची माणसं साठीच्या पुढचीच आहेत, कारण ती वेळेच्या दहा मिनिटं आधी येतात आणि रात्री दोन वाजता मोबाइलमध्ये डोकं घालून बसत नाहीत. पण स्टुअर्डाने कोणाला आवरायचं नसतं. कोणाला धरायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, हुज्जत घालायची नाही. मारामारी दिसली तर मध्ये पडायचं नाही, कळवायचं आणि बाकीच्यांना बाजूला घ्यायचं. सुरक्षेला प्रशिक्षित पगारी माणसं असतात. ही दोन कामं एकात घातली की काय होतं ते १९६९ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात आल्टामॉन्टला दिसलं. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या फुकट कार्यक्रमात स्टेजची राखण हेल्स एंजल्स या मोटरसायकलवाल्या टोळीकडे होती, मोबदल्यात बिअर. त्यांनी बिलियर्डच्या काठ्यांनी गर्दी झोडपली आणि गाणं चालू असतानाच त्यांच्यातल्या एकाच्या सुऱ्याने १८ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला.

तुम्हाला मी हरवलेल्या मुलांच्या तंबूवर घातलं असतं, शिक्षक म्हणून. तिथे दोन नियम कडक असतात. मुलाजवळ एकट्याने थांबायचं नाही, कायम दोघांनी. आणि मुलाचं नाव किंवा कपडे माइकवरून जाहीर करायचे नाहीत, कारण ते ऐकणारे फक्त आईवडीलच नसतात. न्यायला आलेल्या माणसाकडून मुलाचं नाव आणि खुणा आधी वदवून घ्यायच्या. बाप चिडतो, चिडू दे. तिथे मात्र तुमची जरब कामाला येईल.

सोबत काय न्यायचं?

पत्र एवढंच होतं, सही नाही, गाव नाही. मला आवडलं.

मोज्यांचे जास्तीचे जोड, आधी महिनाभर वापरून मऊ झालेले बूट, टॉर्च, पावसाचा कोट. छत्री नको, मागच्याला दिसत नाही आणि पुढच्याच्या डोळ्यात जाते. पाण्याची बाटली. खिशात मावणारी वही, कारण चौथ्या तासाला आपला गेट नंबरही आठवेनासा होतो.

आणि इअरप्लग. याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण यात मी स्वतःचं नुकसान करून घेतलंय. ८५ डेसिबल आवाज कानाला आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जी मर्यादा सांगितली, ती सरासरी १०० डेसिबलचीच आहे. प्रेक्षक मधूनच उठून जातो, स्टुअर्ड स्पीकरजवळ पूर्ण शिफ्ट उभा. हिशेब तुम्हीच करा. पहिली चार वर्षं मी फोमचे प्लग बाटलीच्या बुचासारखे कानाच्या तोंडाशी टेकवत होते. ते तसे बसतच नाहीत. बोटांत वळून बारीक वात करायची, दुसरा हात डोक्यावरून मागे नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट तसंच ठेवायचं. ज्यांच्याकडे वॉकीटॉकी असेल त्यांनी फिल्टरवाले घ्यावेत, त्यांत आवाज सगळीकडून सारखा कमी होतो आणि बोलणं कळतं. माझ्या उजव्या कानात आता रात्री शांत झालं की बारीक शिट्टी वाजते. ती त्या चार वर्षांची.

ताई, गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच स्टुअर्ड होतो. माझी जागा आपत्कालीन गेटवर होती, ते मोकळं ठेवायचं. तीसेक पावलांवर एक मुलगी चक्कर येऊन पडली. मी धावत गेलो, तिला सावलीत घेतलं, पाणी दिलं. परत आलो तर गेटसमोर माणसं बसलेली, आणि तिच्यासाठीच आलेली गाडी त्यांच्यामुळे बाहेर अडकलेली. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडले. मुलगी बरी आहे. पण माझी चूक झाली का? वर्षभर डोक्यातून जात नाही.

हो, चूक झाली. आणि तुझ्या जागी पहिल्या वर्षी मी असते तर मीही धावलेच असते. सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं, ती त्यांची चूक. ती तू मनातून काढून टाक, तुझी ठेव.

तुला ते गेट म्हणजे नुसती उभं राहायची जागा वाटली. पण मोकळी वाट मोकळी ठेवणं हीच त्या मुलीला तुझ्याकडून हवी असलेली मदत होती. पाणी कोणीही दिलं असतं, आजूबाजूला शंभर माणसं होती. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, हेही जाता जाता सांगते, ते श्वासनलिकेत जातं. ती शुद्धीत होती असं धरते.) गेट मात्र फक्त तुझ्याकडे होतं. २४ जुलै २०१० ला जर्मनीत ड्यूसबुर्गच्या लव्ह परेडला आत जायची आणि बाहेर पडायची वाट एकच होती, बोगद्यातून वर चढणारा एक उतार. तिथे लोक तुंबले आणि २१ जीव गेले. म्हणून अनुभवी स्टुअर्ड मोकळ्या वाटेवर कोणाला चपलेचा बंद बांधायलाही वाकू देत नाही. लोकांना ते आडमुठेपण वाटतं. वाटू दे.

करायचं काय होतं? जागेवरून न हलता वॉकीटॉकीवर सांगायचं. तो नसेल तर शेजारच्या स्टुअर्डला हात दाखवायचा, आणि जवळच्या एकाला बोट दाखवून, ‘तुम्ही, निळा शर्ट, त्यांच्याजवळ जाऊन बसा’ असं म्हणायचं. ‘कोणीतरी जा’ म्हटलं की कोणी जात नाही.

आणि सांगायचं कसं, हे माझ्या चुकीवरून शिक. पाचव्या वर्षी एक माणूस फिट येऊन पडला. मी वॉकीटॉकीवर ओरडले, ‘स्टेजच्या डावीकडे, लवकर!’ वैद्यकीय पथक निघालं ते थेट दुसऱ्या टोकाला. कारण स्टेजची माणसं डावं-उजवं गाणाऱ्याच्या बाजूने मोजतात, प्रेक्षकाच्या नाही. मी प्रेक्षकाच्या बाजूने मोजलं होतं, माझं डावं ते त्यांचं उजवं. मधल्या गर्दीतून त्यांना परत फिरायला सात मिनिटं लागली. माणूस वाचला, पण ती सात मिनिटं मी घड्याळाकडे बघत काढली आहेत.

तेव्हापासून मी डावं-उजवं म्हणतच नाही. शिफ्टवर गेल्या गेल्या सर्वांत जवळचा लाइटचा खांब बघते, त्यावर रंगवलेला नंबर वहीत लिहिते आणि मग जागेवर उभी राहते. तुझ्या त्या गेटजवळच्या खांबाचा नंबर काय होता, आठवतोय?