नाताळात मेलबर्नला: स्वेटर न्यावा का?

प्रश्न : मुलगा मेलबर्नला नोकरीला आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं जातोय. तिथं तेव्हा उन्हाळा असतो म्हणे. लातूरच्या उन्हाची सवय पुरेल ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : उकाड्याला पुरेल, उन्हाला नाही. तिथली अतिनील किरणं इतकी तीव्र, की हवा गार असतानाही कातडी भाजते. निघण्याआधी २० मिनिटं एसपीएफ ५० सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा. उपरण्यापेक्षा रुंद काठाची टोपी बरी. स्वेटर मात्र न्याच. दक्षिणेचा वारा सुटला की चाळिशीतला पारा काही तासांत विशीवर येतो. शेंगाचटणी, मेतकूट विमानात मिळणाऱ्या कार्डावर नोंदवा. लपवलं तर दंड. ताजा कढीपत्ता नकोच. २५ डिसेंबरला बहुतेक दुकानं बंद, किराणा आदल्या दिवशीच भरा.