बडोद्यात नव्याने संसार मांडणाऱ्या भाचीला, फळांबद्दल

फळं घ्यायला खंडेराव मार्केटला सकाळीच जा. आणि पेरूला इथे ‘जामफळ’ म्हण, नाहीतर फळवाला क्षणभर बघतच राहतो.

सफरचंदाच्या मागे लागू नकोस गं. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २२८ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असतं, संत्र्यात जेमतेम ५३. शिवाय चोथा भरपूर, त्यामुळे पोटाला बरा. घेताना पिवळसर झाक आलेला, नाकाशी धरल्यावर वास येणारा उचल. साल काढायची नाही; धू, फोडी कर, मीठ-तिखट लाव.

चिकू नवसारीकडचे येतात, अगदी साखर. पण कडक चिकू कापायची घाई नको. मी पहिल्या वर्षी केली होती; ओठ चिकाने चिकटले आणि जीभ कितीतरी वेळ तुरट! नखाने साल किंचित खरवडून बघ. खाली हिरवं दिसलं की तो कोवळाच तोडलेला. तसा नसेल तर दोन-तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेव.

सीताफळ घेताना डोळे उकललेले आणि मधल्या रेघा पिवळसर झालेल्या बघ. केळी फ्रीजमध्ये नकोत, साल काळी पडते. पपई डोळ्यांना चांगली, हे तुला आईने सांगितलंच असेल.

आणि तो मिक्सर जरा बाजूला ठेव. एका ग्लास रसाला तीन-चार संत्री लागतात, नि चोथा गाळणीतच राहतो. सासऱ्यांना डायबेटिस आहे ना? त्यांना रस नकोच, पेरूच्या चार फोडी दे. चिकू-सीताफळ मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारून.