जुन्या लेखांवर गूगलवरून वाचक येईनासे झालेत. नवीन लिहू की जुनंच सुधारू?

आधी जुनंच सुधारा. सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन) इम्प्रेशन्स, म्हणजे शोधनिकालांत दिसण्याची संख्या, भरपूर पण क्लिक कमी, असे लेख निवडा. माझा 'दादरहून सिद्धिविनायकला कसं जायचं' हा लेख असाच पडून होता. त्यात बस, टॅक्सी, पायी, एवढंच. मे २०२५ मध्ये मेट्रो ३ चं सिद्धिविनायक स्थानक सुरू झालं, दादरच्या लगेच पुढचं, आणि लोक तेच शोधत होते. मेट्रोचा परिच्छेद सगळ्यात वर घेतला, शीर्षकातही 'मेट्रो' आणलं. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलू नका, प्लीज. वाचकाची ती फसवणूक आहे. यूआरएल, म्हणजे लेखाची लिंक, शक्यतो तीच ठेवा. बदललीच, तर जुनीवरून नवीवर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नवीवर पोचेल.