वाचकांचे प्रश्न : डॉक्टरांनी सांगितल्यावरही त्या पुन्हा पुन्हा का विचारतात?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना यंदा स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया कोल्हापुरातच झाली आणि आता केमोथेरपी सुरू आहे. डॉक्टरांनी सर्व काही नीट समजावून सांगितले असूनही त्या दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ पाहतात, गल्लीतल्या बायकांना विचारतात आणि गडहिंग्लजच्या नणंदेला फोन करून पुन्हा तेच विचारतात. कोणी गूळ-साखर बंद करायला सांगते, तर कोणी काढा सुचवते. "डॉक्टरांवर विश्वास नाही का?" असे म्हणून माझे पती चिडतात. रुग्णालयातील परिचारिकेने समुपदेशकाला भेटण्याचे सुचवले, तेव्हा "तिला काय वेड लागले आहे का?" असे घरातील वडीलधारे म्हणाले. त्यांचे हे विचारणे कसे थांबवावे?
— एक सून, कोल्हापूर

उत्तर : ते थांबवू नये. सासूबाईंचे विचारणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास आहे असे मला मुळीच वाटत नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा सासूबाई त्या खोलीत होत्या का, आणि असल्यास त्यांना काही विचारायचे आहे का हे कोणी त्यांना विचारले का, हे आधी आठवून पाहावे. आपल्याकडे बहुतेक घरांत मुलगा आणि दीर डॉक्टरांशी बोलतात, आणि जिच्या शरीराविषयी हे बोलणे चालते ती बाई बाहेरच्या बाकावर बसून राहते. नंतर तिला "काही काळजी करू नको" एवढेच सांगितले जाते. त्या खोलीत असल्या तरी कर्करोग हा शब्द कानी पडल्यानंतरचे बोलणे बहुतेकांच्या मनात ठसत नाही, म्हणून तेच पुन्हा विचारावे लागते. यात रुग्णाचा दोष नाही.

तथापि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वारंवार विचारलेल्या प्रश्नाखाली पुष्कळदा दुसराच प्रश्न दडलेला असतो. "गाठ परत येईल का?" असे विचारणाऱ्या बाईला कदाचित आपल्या मुलीलाही हा आजार होईल का हे विचारायचे असते आणि ते उच्चारण्याची भीती वाटत असते. त्याचे खरे उत्तर धीर देणारे आहे : स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक जनुकीय दोषामुळे होतात. मात्र रक्ताच्या नात्यात आणखी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. गळलेले केस पुन्हा येतील का, काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजेल का, नातवंडांना जवळ घेतले तर त्यांना काही होईल का, हे प्रश्नही मुलासमोर किंवा पुरुष डॉक्टरांसमोर विचारायला साठीच्या स्त्रीला जड जाते. केमोथेरपीने गळलेले केस उपचार संपल्यावर बहुधा काही महिन्यांत पुन्हा उगवू लागतात. हात सुजू शकतो, म्हणून व्यायाम वेळेवर शिकून घ्यावेत. आणि कर्करोग संसर्गाने पसरत नाही, त्यामुळे नातवंडांना खुशाल जवळ घ्यावे. एखाद्या दुपारी घरात इतर कोणी नसताना आपण त्यांच्याजवळ बसून "आई, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" एवढेच विचारावे आणि त्या बोलत असताना मध्येच धीर देण्याची घाई करू नये.

गुळाविषयी स्पष्टच लिहिते. गूळ-साखर पूर्ण बंद केल्याने कर्करोग बरा होतो याला कोणताही पुरावा नाही. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. एरवी या काळात वजन टिकवणे आणि डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने मिळणे अधिक महत्त्वाचे असते. काढ्याबाबत मात्र कडक राहावे, कारण काही वनस्पतींमुळे केमोथेरपीच्या औषधांच्या परिणामात फरक पडतो किंवा यकृतावर ताण येतो. डॉक्टरांना दाखवल्यावाचून काहीही देऊ नये.

शेजारणींकडे त्या का जातात, हेही समजून घ्यायला हवे. औषध डॉक्टर देतात, परंतु ते घेऊन स्वयंपाकघरात उभे राहताना कसे वाटते हे त्यातून गेलेली बाईच सांगू शकते. उपचार पूर्ण केलेल्या एखाद्या स्त्रीशी त्यांची भेट घडवता आली तर मोबाइलवरचे पाहणे आपोआप कमी होईल असे मला वाटते. तशी भेट जमवून देण्याविषयी रुग्णालयातच विचारावे. तिच्याकडून धीर जरूर घ्यावा, औषधाची चिठ्ठी मात्र घेऊ नये, कारण स्तनाच्या कर्करोगाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि एकीला लागू पडलेली, संप्रेरकांचा (हार्मोनचा) परिणाम रोखणारी गोळी दुसरीला निरुपयोगी असू शकते.

पुढच्या भेटीला सासूबाईंच्या हाताने वहीत प्रश्न लिहून न्यावेत आणि थोडा वेळ त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. खर्चाची चिंताही त्यांच्या प्रश्नांमागे असू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांत रुग्णांना योजनेबाबत मदत करणारे आरोग्यमित्र असतात, त्यांची भेट घ्यावी.

राहिला समुपदेशकाचा प्रश्न. समुपदेशक वेडावर औषध देणारा नसतो. घरच्यांना दुःख होईल म्हणून जे घरात बोलता येत नाही, ते निर्धास्तपणे बोलण्याची जागा तो देतो. परिचारिकेने सासूबाईंना रोज पाहिले आहे आणि तिची सूचना जाणतेपणाची आहे. आपल्या पतींनीही एकदा सोबत जावे. त्यांच्या चिडण्यात मला आईविषयीची भीती दिसते.

प्रश्न : मला काही महिन्यांपासून झोप लागत नाही, कामात मन रमत नाही. राजारामपुरीत मानसोपचारतज्ज्ञांची पाटी पाहून मी दारातून परत आलो, कारण कोणीतरी ओळखीचे पाहील. फोनवर समुपदेशन घेणे खरोखर उपयोगी असते का?
— नाव न छापण्याची विनंती, कोल्हापूर

उत्तर : सुरुवात करण्यासाठी ते निश्चित उपयोगी आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. आधी समुपदेशक बोलतात आणि गरज भासल्यास तज्ज्ञांकडे जोडून देतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आपल्या आजाराविषयीची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे. प्रत्यक्ष तज्ज्ञांना भेटायचे झाल्यास, कोल्हापूरचे सरकारी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय हे सर्वसाधारण रुग्णालय असल्याने तेथे कोण कोणत्या विभागाकडे चालले आहे हे सहसा कोणी पाहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. निद्रानाश अनेक महिने टिकला असेल तर थायरॉइड व रक्तक्षय यांच्या तपासण्याही करून घ्याव्यात. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर मात्र उद्याची वाट न पाहता आजच फोन करावा आणि घरातील एका माणसाला ते सांगावे.