मौत का कुआँवरच्या कथेचा शेवट संदिग्ध कसा ठेवावा? प्रेक्षकांचाही त्यात हात आहे, हे न सांगता कसं दाखवावं?

तुमच्या आराखड्यात स्वार पडतो आणि तो मेला की वाचला, हे तुम्ही झाकून ठेवता. माझ्या मते झाकायची गोष्ट ती नव्हे. त्याने लेखक मुद्दाम माहिती दाबतोय असं वाटतं आणि वाचक चिडतो. पडणं, रक्त, दवाखाना, सगळं स्वच्छ सांगा. तो का पडला, एवढंच धूसर ठेवा.

त्याची सोय खेळातच आहे. प्रेक्षक वरच्या कठड्यावरून वाकून नोट धरतो आणि स्वार जवळजवळ उभ्या भिंतीवरून जाताजाता ती हातातून काढून घेतो. त्यासाठी त्याला कठड्याच्या अगदी जवळ यावं लागतं, एक हात हँडलवरून सोडावा लागतो. वेग कमी पडला की चाकाची फळीवरची पकड सुटते. तेव्हा कारणं तीन पेरा: नोट धरणारा हात मागेपुढे होत होता, एक फळी सकाळपासून वाजत होती, स्वाराच्या अंगात ताप होता. प्रत्येकाला एक-दोन वाक्यं, तीही पडण्याच्या बरीच आधी. एकाला जास्त जागा दिलीत की वाचक तेच खरं धरतो. पडण्याच्या क्षणी तिन्हींपैकी एकाचाही उल्लेख नको.

तुमच्या आराखड्यातलं ‘गर्दीला रक्त हवं होतं’ हे वाक्य मात्र काढाच. काफ्काची उपाशी राहून दाखवणाऱ्या कलावंताची कथा (१९२२) पाहा. तो चोरून खात नाही ना, हे बघायला लोकांनीच निवडलेले तीन पहारेकरी असतात, बहुतेक वेळा खाटीक. त्यातले काही मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात पत्ते खेळत बसतात, त्याला गुपचूप काही खाता यावं म्हणून. त्यांच्या लेखी ही दया, त्याच्या लेखी सगळ्यात मोठी छळणूक. उपासाला ४० दिवसांची मर्यादा आहे, पण ती त्याच्या तब्येतीसाठी नाही; शहराची उत्सुकता साधारण तेवढीच टिकते, म्हणून. प्रेक्षकांचा सहभाग इतका नेमका दाखवणारी दुसरी कथा मला माहीत नाही, आणि तो पहारा, पत्ते, दिवसांची मर्यादा अशा तपशिलांतूनच दिसतो.

तुमच्या कथेतही प्रेक्षकाच्या हाताला काम द्या. निवेदन ‘आम्ही’मध्ये ठेवा: आम्ही तिकीट काढलं, आम्ही शिट्ट्या वाजवल्या. नोट धरतानाच्या एकाच वाक्यात ‘मी’ येऊ द्या आणि लगेच ‘आम्ही’वर परत या. पडल्यानंतर विलाप नको. पुढचा खेळ कधी आहे असं कुणीतरी विचारतं, एवढं पुरे.

मग कथा दोघांना वाचायला द्या. दोघांनी वेगवेगळं कारण ठामपणे सांगितलं तर जमलं. दोघेही ‘कळलं नाही’ म्हणाले, तर पेरलेली वाक्यं फार पुसट झालीत. ती थोडी ठळक करा, शेवटाला हात लावू नका.