हाताने चामडं शिवताना दोरा किती जाड घ्यावा आणि टाके किती अंतरावर घालावेत?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाला राहता, आधी स्वतःसाठी पाकीट आणि मग वडिलांसाठी कमरेचा पट्टा हाताने शिवायचाय. सामान मागवायला बसलात तर ०.६, ०.८, १ मिमी असे दोरे आणि ३, ४, ५ मिमीचे दातेरी टोच्ये (चामड्यात एका ओळीत टाक्यांची भोकं पाडायचं हत्यार, आकडा दातांमधल्या अंतराचा) समोर आले, आणि कशाला काय लावायचं ते कळेना. मी डिचोलीला राहते, गेली बारा वर्षं घरच्या पडवीत बसून चामड्याची कामं करते. याच गोंधळातून मीही गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. पाकिटाला ३ ते ३.५ मिमी अंतर आणि अर्ध्या मिमीच्या आसपासचा दोरा. पट्ट्याला ५ मिमी अंतर आणि ०.८ चा दोरा. सध्या एकच टोच्या आणि एकच रीळ घ्यायचं असेल, तर ४ मिमीचा टोच्या आणि ०.६ चा दोरा घ्या. त्यात पाकीटही निभावतं आणि हलका पट्टाही. पण नुसते आकडे पाठ केलेत तर तिसऱ्या वस्तूला परत अडाल, म्हणून ते येतात कुठून हे सांगते.

दोऱ्याची जाडी आणि टाक्यांमधलं अंतर हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. आधी चामडं हातात घ्यायचं. किती जाड, किती ताठ, वस्तूला ताण कुठून बसणार, हे बघून अंतर ठरवायचं. अंतर ठरलं की दोरा त्याच्या मागून येतो: अंतराला सहा किंवा सातने भागायचं. ३ मिमीला ०.४५, ४ मिमीला ०.६, ५ मिमीला ०.८, ६ मिमीला १. या मापात टाका भरलेला दिसतो, तांदळाच्या दाण्यासारखा. दोरा याहून बारीक असेल तर टाके सुतळीवर वाळत घातल्यासारखे विरळ दिसतात; जाड असेल तर एकमेकांवर चढतात आणि भोकं ताणली जातात.

हे झालं दिसण्याचं. टिकण्याचा हिशेब वेगळा आहे, आणि तो मला एका पायलटच्या, म्हणजे आपल्या गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, पाऊचने शिकवला.

म्हापशाच्या बसस्टँडवर मोटारसायकल घेऊन उभे असतात त्या पायलटांपैकी एकांनी माझ्याकडून सुट्ट्या पैशांसाठी कमरेचं पाऊच शिवून घेतलं होतं. चामडं सव्वा मिमीचं, मऊ. मला वाटलं, माणूस दिवसभर पाऊच उघडझाप करणार, तेव्हा मजबूत व्हायला हवं. म्हणून टाके जवळ जवळ, ३ मिमीवर घातले आणि दोरा घेतला ०.८ चा, दाताने तुटणार नाही असा. पाच महिन्यांनी ते पाऊच घेऊन आले. तोंडाच्या कोपऱ्यापासून चार बोटं शिवण उघडली होती. मी उजेडात धरून बघितलं तर दोरा अखंड! एकही टाका तुटला नव्हता. फाटलं होतं ते चामडं, भोकाभोकाच्या ओळीतून, टपालाचं तिकीट फाडावं तसं सरळ. आणि फाटलेल्या कडेला परत शिवायला जागाच उरली नव्हती.

तेव्हापासून मी एक गोष्ट कधी सोडत नाही: दोरा चामड्यापेक्षा जास्त ताकदवान नको. ताण आलाच तर आधी दोरा तुटावा. दोरा तुटला तर त्याच भोकांतून अर्ध्या तासात नवा घालता येतो. चामडं फाटलं तर वस्तू गेली. दुसरं पाऊच मी ४ मिमी आणि ०.६ वर शिवलं, तोंडाशी आतून जाड चामड्याची बोटभर पट्टी घातली आणि कोपरे गोल केले. ते तिसरा पावसाळा बघतंय.

टाके जवळ घातले की शिवण घट्ट होते ही समजूत कापडाच्या शिवणीतून आलेली आहे. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते, चामड्यात मात्र प्रत्येक टाका म्हणजे एक चीर. ३ मिमीवर २ मिमी रुंदीच्या तिरप्या चिरा पाडल्या, तर ४५ अंशांच्या तिरपेपणामुळे प्रत्येक चीर शिवणीच्या रेषेत साधारण १.४ मिमी जागा खाते. दोन चिरांमध्ये चामडं उरतं जेमतेम १.६ मिमी. त्यातून जाड दोरा ओढून घट्ट आवळला की काय होणार ते दिसतंच. म्हणून टोच्या विकत घेताना दातांमधल्या अंतराबरोबर दातांची रुंदीही बघा. आणि गोल भोकं पाडणारे स्वस्त टोच्ये सुरुवातीला टाळा. ते चामडं कापून काढून टाकतात. तिरपी चीर नुसती उघडते, आणि शिवण झाल्यावर वरून हलक्या हाताने हातोडी फिरवली की दोऱ्याभोवती परत मिटते. टाका तिरपा, सुबक पडतो तोही या चिरेमुळेच.

शिवण कडेपासून किती आत घ्यायची, हेही याच हिशेबात बसतं. पाकिटाला ३ मिमी, पट्ट्याला ४ ते ५. साधारणपणे जेवढं टाक्यांचं अंतर तेवढी कड सोडली की चूक होत नाही. रेघ मारायला वेगळं हत्यार लागत नाही. शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक उत्तम. एक टोक कडेला टेकवून दुसऱ्याने हलकी रेघ ओढत न्यायची.

आता दोऱ्याच्या रिळावरची लेबलं, कारण फसगत तिथे होते. सरळ मिमी लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. पण पुष्कळदा १५०डी असं लिहिलेलं असतं. तो डेनियर: ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम ते. हा आकडा एका धाग्याचा असतो आणि दोऱ्यात असे कितीतरी धागे पिळलेले असतात. १५०डी/१६ म्हणजे १५० डेनियरचे सोळा धागे, एकूण २४००. त्यामुळे नुसत्या १५०डी वरून जाडी कळत नाही. टेक्स लिहिलं असेल तर ते १००० मीटरचं वजन, म्हणून डेनियरला ९ ने भागलं की टेक्स येतो. लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, दोऱ्याला आकडे उलटे चालतात, आकडा मोठा तसा दोरा बारीक. सुयांचंही तसंच.

एवढ्या भानगडीत पडायचं नसेल तर दोरा पेन्सिलीवर दहा वेढे गुंडाळा, एकमेकांना चिकटून, पण न दाबता. दहा वेढ्यांची रुंदी मोजा, दहाने भागा. ८ मिमी आली तर दोरा ०.८ चा. चपटा विणलेला दोरा असेल तर ही त्याची रुंदी झाली. तो चामड्यावर पसरून बसतो, त्यामुळे त्याच मापाच्या गोल दोऱ्यापेक्षा टाका कमी उठून दिसतो.

टोच्यांवर ३.३८ किंवा ३.८५ असे विचित्र आकडेही दिसतील. ते फ्रान्सच्या जुन्या इंचावरून आलेत. तो इंच २७.०७ मिमीचा. त्याचे आठ भाग केले की ३.३८, सात केले की ३.८५ च्या जवळपास. इंग्रजी पद्धतीत इंचाला किती टाके ते सांगतात. ४ मिमी म्हणजे इंचाला सव्वासहाच्या थोडं वर.

दोरा किती लांब कापायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्याच शिवणीत दोरा संपला की जीव हळहळतो. सॅडल स्टिचमध्ये एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. (एका बाजूचा टाका तुटला तरी दुसरी बाजू धरून ठेवते, मशीनच्या शिवणीसारखी सरसर उसवत नाही. हाताने शिवायचं ते यासाठीच.) त्यामुळे दोन्ही टोकं मिळून एका टाक्याला अंतर अधिक जाडी, याच्या दुप्पट दोरा लागतो. पाकिटात ३ मिमी अंतर आणि सगळे थर मिळून ३ मिमी जाडी धरली तर शिवणीच्या चौपट. पट्ट्यात बकलाजवळ थर दुमडून ८ मिमी झाले आणि अंतर ५ असेल, तर पाचपटीच्याही वर. यात सुया ओवायला आणि शेवटी पकडायला दोन वीत जास्तीचा धरा. मीटर-दीड मीटरच्या वर दोरा घेऊ नका. दर टाक्याला दोन्ही हात पसरून ओढावं लागतं आणि भोकांतून घासून घासून दोरा पिंजतो.

आता आपल्या हवेबद्दल. बाहेरच्या लोकांचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. लिननचा दोरा मला मनापासून आवडतो. त्याची पकड, मेण लावून घासल्यावर येणारी झळाळी दुसऱ्या कशाला नाही. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कपाटातल्या वस्तूंनाही बुरशी धरते. लिनन आणि सुती दोरा सतत ओला राहिला की कुजतो. म्हणून पट्टा, चपला, पाऊच, गाडीची बॅग, म्हणजे जे घाम आणि पाऊस खाणार ते मी मेण लावलेल्या पॉलिएस्टरने शिवते. लिनन ठेवते वहीच्या वेष्टनाला, घरातल्या पेटीला, फार तर पाकिटाला. नायलॉन मी घेत नाही. तो ताणला जातो, शिवताना घट्ट वाटतो आणि नंतर टाका ढिला पडतो. उन्हातही पॉलिएस्टरपेक्षा लवकर खराब होतो. वडिलांच्या पट्ट्याला पॉलिएस्टरच घ्या. शेवटी दोन-तीन टाके मागे घेऊन दोरा कापायचा आणि टोक लायटरने किंचित वितळवून दाबायचं. लिननला आग लावू नका, त्याच्या टोकाला गोंदाचा थेंब पुरतो.

पावसाळ्यातली अजून एक गोष्ट. हिरडा-बाभळीने कमावलेलं चामडं दमट असताना लोखंडाला लागलं की काळं पडतं. हिरडा आणि लोखंड मिळून पूर्वी शाई करायचे, तोच प्रकार. एका जुलैत रात्री वीज गेली म्हणून मी अर्धी शिवण तशीच ठेवली, सुई चामड्यात टोचलेली. सकाळी भोकाभोवती मुगाच्या दाण्याएवढं काळं वर्तुळ. ते शेवटपर्यंत गेलं नाही. सुया काढून ठेवायच्या, आरी कोरडी पुसायची.

मऊ चामड्याबद्दल थोडं: क्रोमने (क्रोमियमच्या क्षाराने) कमावलेलं, पिशव्यांचं लुसलुशीत चामडं घेतलंत तर दोरा हिशेबापेक्षा अर्धं पाऊल बारीक घ्या आणि हात सैल ठेवा. जाड दोरा आवळला की ते चुण्या पडून गोळा होतं. ताठ, जाड चामड्यात उलट. तिथे बारीक दोरा आत रुततो आणि दिसेनासा होतो. कोल्हापुरी चप्पल उलटीपालटी करून बघा. जाड तळ, म्हणून चामड्याचीच वादी आणि टाके लांब लांब. हिशेब तोच, माप मोठं.

कोपऱ्याला आल्यावर टाका नेमका बसत नाही, तेव्हा शेवटचा एक टाका तोकडा करू नका, डोळ्यात खुपतो. पाच-सहा टाके आधीपासून प्रत्येकात केसभर कमी-जास्त करत या. यासाठी टोच्या ठोकण्याआधी तो नुसता टेकवत पूर्ण रेघेवर चालवून बघायचा.

पाकिटाच्या आधी त्याच चामड्याच्या दोन बोटभर पट्ट्या जोडून ३ आणि ४ मिमी दोन्ही शिवून बघा, आणि दोन्ही हातांनी ओढून फाडायचा खरोखर प्रयत्न करा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि पट्ट्याचं चामडं आणलंत की त्याची जाडी मोजा. औंसात लिहिलेलं असेल तर एक औंस म्हणजे ०.४ मिमी. ३ मिमीच्या खाली भरलं तर ५ चा टोच्या मागवूच नका, ४ वर ०.६ च्या दोऱ्याने शिवा.